बांधावरचा धोतरा : ही बाधा नव्हे, विषबाधा



महाशिवरात्रीला आपण धोतऱ्याचे फूल आणि काटेरी बोंड पिंडीवर वाहतो. एरवी हे झाड उकिरड्यावर, पडक्या भिंतीशी, उसाच्या बांधावर माजलेले असते आणि त्याकडे कुणी बघतही नाही. पण माणसाच्या पोटात गेले तर ते जालीम विष आहे.

धोतऱ्याच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, अॅट्रोपीन, हायोसायमीन व स्कोपोलामीन ही द्रव्ये असतात. पोटात गेल्यावर साधारण अर्ध्या-एक तासात तोंडाला कोरड पडते, घास गिळवत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. अंग लाल व गरम होते, पण घाम येत नाही. छाती धडधडते, लघवी अडते. मग भ्रम सुरू होतो. नसलेली माणसे दिसतात, त्यांच्याशी बोलणे चालते, हवेतले दोरे वेचावेत तशी बोटे हलतात, घरच्यांची ओळख राहत नाही. हे एक-दोन दिवसही टिकते. १६७६ साली अमेरिकेत जेम्सटाउन येथे काही सैनिकांनी धोतऱ्याच्या एका जातीची पाने भाजी म्हणून खाल्ली. ते अकरा दिवस वेड्यासारखे वागत होते, अशी नोंद आहे.

अशा वेळी आपल्याकडे ‘बाहेरचं काहीतरी झालंय’ म्हणून देवऋषी गाठतात. तिथेच घात होतो. झटके येऊन, बेशुद्ध होऊन जीव जाऊ शकतो. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. ताबडतोब १०८ ला फोन करा व झाडाची फांदी किंवा बोंड दवाखान्यात सोबत न्या.

फवारणीचे काही विष अंगात भिनले तर डॉक्टर अॅट्रोपीनचेच इंजेक्शन देतात. मग धोतरा औषधी नाही का? आहे, पण डॉक्टरांच्या हाती मोजमाप असते. कुठल्या झाडात विष किती, हे नुसते बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून दम्यावर पानाची विडी, फवारणीच्या विषावर पाला, असले घरगुती उपाय नकोत.

धान्यातही सावध राहावे. २०१९ साली युगांडात मदत म्हणून वाटलेल्या सोयाबीनमिश्रित पिठात हीच द्रव्ये निघाली. ५ जण दगावले, शेकडो आजारी पडले. तेव्हा सोयाबीन काढण्यापूर्वी रानातला धोतरा उपटावा. एका बोंडात शेकडो बिया असतात, म्हणून बोंड तडकण्याआधीच काढावे. काम झाल्यावर हात धुवावेत, तोवर डोळ्यांना लावू नयेत. धोतऱ्याचे बी मिरचीच्या बियांसारखे दिसते, हे घरात सर्वांना सांगावे.

शेवटची विनंती. तोडणीची टोळी आली की जिथे कोप्या पडतात, त्या जागेवरचा धोतरा आधी काढून टाका. आईबाप फडात असतात, पोरे बोंडांशी खेळतात. पोर आपले असो की टोळीतले, जीव सारखाच.