हक्क आणि मान

"हल्लीच्या पिढीला सगळे आयते हवे, आणि तेही हक्काने," हे वाक्य वर्षभरात मी निदान चार वेळा ऐकले. वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकांनी ऐकवले, एस.टी.त शेजारी बसलेल्या गृहस्थांनी ऐकवले, आणि आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीनेही ऐकवले. ती स्वतः त्याच पिढीतली आहे हे तिच्या लक्षात आले नसावे. वाक्य अगदीच खोटे नाही. पण राज्यशास्त्राचा अभ्यास करताना मला वाटू लागले, की त्यातला 'हक्क' हा शब्द चुकीच्या जागी पडला आहे.

हक्क म्हणजे काय ते मी पुस्तकाआधी आजीकडून शिकले. 1972 च्या दुष्काळात ती नुकतीच लग्न होऊन आली होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. त्या दिवसांबद्दल बोलताना सुकडी आणि मिलोची लाल भाकरी यांच्याइतकाच मुकादमही तिच्या बोलण्यात येतो. हजेरीपटावर नाव कोणाचे आधी घ्यायचे ते त्याच्या मनावर असे. "आधी काम लावून घ्यावं लागायचं, मग मागता यायला लागलं," असे ती म्हणते. या दोन क्रियापदांतला फरक मला बरेच दिवस कळला नव्हता.

तो फरक कायद्याने झाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 साली तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला, 1972 मध्ये योजना राज्यभर आली, 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर सरकारने ते पंधरा दिवसांत द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, अशी ही हमी. संविधानाच्या 41 व्या कलमात कामाचा अधिकार आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत. त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. महाराष्ट्राने त्याला कायद्याचे रूप दिले आणि पैसा उभा करण्यासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. म्हणजे शहरातल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे बांधावर पोहोचले. पुढे 2005 साली केंद्राने देशासाठी कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होताच. आता यात 'आयते' काय आहे? उन्हात दगड फोडल्याशिवाय मजुरी नव्हती. मागणे होते ते कामाचे.

मग परीक्षकांना ज्याची चीड येते ते काय? मला वाटते, त्याचे खरे नाव 'मान'. आणि तो मुळीच आधुनिक नाही. जुन्या गावगाड्यात 'हक्कदार' म्हणजे वतनदार. पोळ्याला कोणाचे बैल पुढे, होळीला पहिली पोळी कोणाची, यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणे चालत. त्याच गावगाड्यात महार वतनही होते. नावाला वतन, प्रत्यक्षात रात्रंदिवस राबवून घेण्याची वहिवाट. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. अखेर 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली, 1962 च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. कागदावरून गेली. लग्नात वराकडची मंडळी अजून मानपानावरून रुसतातच, आणि हुंड्याला बंदी करणारा कायदा 1961 चा आहे.

हक्क साऱ्यांना मिळाला तरी कमी होत नाही. मान मात्र साऱ्यांना मिळाला की संपतो. तो मागे कोणीतरी उभे असेल तरच चालतो. वाढली आहे ती ही दुसरी वृत्ती. आम्ही विद्यार्थीही तिच्यातून सुटलेले नाही. वर्षभर तासांना न बसता अंतर्गत गुण पूर्ण हवेत, आणि ते न दिल्यास सर 'खडूस' ठरतात. याला हक्क म्हणता येणार नाही.

या विषयावर बोलणारे वक्ते बहुधा मूलभूत कर्तव्यांकडे वळतात. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने दहा कर्तव्ये आली, 2002 मध्ये अकरावे आले, हे आम्हाला पाठ आहे. माझी तक्रार एवढीच, की "हक्क मागता, कर्तव्ये करता का?" हा प्रश्न रेशनकार्डासाठी हेलपाटे घालणाऱ्या बाईला विचारला जातो. रांग सोडून थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरणाऱ्याला तो विचारलेला मी अजून पाहिलेला नाही.

रांगेचा विषय निघालाच आहे तर एक लिहिलेच पाहिजे. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. शासनाचा 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे, ठरल्या मुदतीत दाखला मिळणे हा माझा हक्क आहे, हे सारे मला ठाऊक होते. तरी तीन हेलपाटे झाले होते आणि अर्जाची शेवटची तारीख दोन दिवसांवर आली होती. चौथ्या वेळी रांगेत माझ्यापुढे वीसेक माणसे होती. तेवढ्यात आमच्या गावचे एक काका आतून बाहेर आले. त्यांनी मला ओळखले आणि "अगं, तू इथं कशाला? चल आत," म्हणाले.

मी रांगेतच उभी राहिले, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. मी आत गेले. मागून एका म्हातारीने "पोरी, आम्ही सकाळपासून हाय गं इथं," असे म्हटले, ते मला स्पष्ट ऐकू आले. दहा मिनिटांत दाखला हातात पडला. घरी आल्यावर आजीने विचारले, "आज बरा लवकर मिळाला?" मी म्हटले, "हो, आज गर्दी नव्हती."