घरचें कुंभारकाम

आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं बहुतेकांनीं दिवाळींत अंगणांत किल्ला बांधिला असेल, आणि पोळ्याच्या सुमारास मातीचे बैलही केले असतील. किल्ला पुढच्या पावसांत वाहून जातो, बैलाचें शिंग दुसऱ्याच दिवशीं गळून पडतें, व त्याचें दुःख कोणी फारसें करीत नाहीं. परंतु आपण केलेली वस्तु टिकावी, तींत पाणी राहावें, अशी इच्छा एकदां मनांत आली म्हणजे खेळ संपतो व विद्या सुरू होते. ही विद्या सोलापुरांत घरच्या घरीं, फारसा खर्च न करितां, कशी शिकतां येईल याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

कुंभारकाम आपलें नव्हे, असें कित्येक पालकांस वाटतें. ज्या शहराची सर्वांत मोठी यात्रा एका कुंभारकन्येच्या स्मरणानें भरते, तेथें तरी असें वाटूं नये. संक्रांतीस नंदीध्वजांची मिरवणूक निघते व अक्षतासोहळा होतो, तो सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशीं तिचा विवाह लागला या कथेवरूनच. शिवाय उत्तरेस धाराशिव जिल्ह्यांत तेरणेच्या कांठीं गोरोबाकाकांचें तेर आहे. सातवाहनांच्या काळीं हेंच गांव 'तगर' या नांवानें मोठी बाजारपेठ होतें, आणि त्या वेळच्या भाजलेल्या मातीच्या वस्तु तेथील लामतुरे वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. पालकांनीं मुलांस एकदां तेथें अवश्य न्यावें.

आतां मातीकडे वळूं. नवशिक्याची पहिली निराशा येथेंच होते. सोलापूरची काळी जमीन ज्वारीस उत्तम. पण उन्हाळ्यांत तिला पडणाऱ्या भेगा ज्यानें पाहिल्या आहेत, त्यास नुसत्या काळ्या मातीचें भांडें कां तडकतें हें निराळें सांगावयास नको. हिचे कण अतिशय बारीक असून ते पाणी शोषून फुगतात व वाळतांना तितकेच आकसतात. यासाठीं कुंभार तींत बारीक वाळू, राख किंवा लीद मिसळतो. वाळूनें आकसणें कमी होतें. लीद भट्टींत जळून जाते व तिच्या जागीं सूक्ष्म छिद्रें राहतात. त्यांतून पाझरणारें पाणी वाऱ्यानें उडत असल्यामुळेंच माठांतलें पाणी थंड होतें.

दुसरा शत्रु याहून कपटी आहे. आपल्याकडील मातींत चुनखडीचे लहान लहान खडे असतात. भट्टींत त्यांचा कळीचा चुना होतो. भांडें भट्टींतून निर्दोष बाहेर येतें, घरांतले सर्व जण त्याची वाखाणणी करितात, आणि चार दिवसांनीं हवेंतील ओलावा शोषून तो चुना फुगतो व भांड्याचा टवका उडवितो! उपाय सोपा आहे, पण कंटाळवाणा आहे. माती पाण्यांत कालवून पातळ करावी, जड वाळू व खडे तळाशीं बसूं द्यावे, वरचा गढूळ भाग बारीक कापडांतून दुसऱ्या घमेल्यांत गाळावा, आणि तो निवळल्यावर वरचें पाणी काढून टाकावें. मग कांहीं दिवस ती माती ओल्या गोणपाटाखालीं मुरूं द्यावी. मातींत किती वाळू घालावी याचें एकच प्रमाण सर्व मातींस लागू पडत नाहीं. दहा इंच लांबीच्या पट्ट्या निरनिराळ्या मिश्रणांच्या कराव्या, वाळल्यावर त्या मोजाव्या, व वहींत नोंद ठेवावी. पट्टी नऊ इंचांहून आंखूड झाली, तर मिश्रणांत वाळू वाढवावी. आमच्या मतें या विद्येंत चाकापेक्षां या वहीची गरज आधीं आहे.

जागा म्हणाल तर पडवीचा एक कोपरा पुरे. एक पाट, दोन बादल्या, बांबूची चपटी काडी, माती कापावयास तार, आणि एक जुनें धोतर, इतकेंच सामान लागतें. मात्र मातीचे हात मोरींत कधींही धुऊं नयेत, नाहीं तर नळ तुंबून घरांतील मंडळी ही शाळा पहिल्याच आठवड्यांत बंद करतील. हात बादलींत धुवावे, व तळाशीं बसलेली माती पुन्हां कामांत घ्यावी. वाळलेला चुरा झाडूनें झाडूं नये, ओल्या फडक्यानें पुसावा. मातीच्या धुळींत गारेचे अतिसूक्ष्म कण असतात, व ते वर्षानुवर्षें श्वासांतून गेल्यास फुप्फुसें निकामी होतात.

पहिले कांहीं महिने चाकाचें नांव काढूं नये. लिंबाएवढा गोळा घेऊन अंगठ्यानें मध्यें खळगा करावा व कड फिरवीत दाबीत जावें, पणती होईल. पुढें मातीच्या वळ्या एकावर एक रचून गडगा करावा. जोड द्यावयाच्या दोन्ही ठिकाणीं काडीनें ओरखडे काढून पातळ चिखल लावावा; बैलाचें शिंग गळतें तें बहुधा एवढें न केल्यामुळें. मग चाक. फिरत्या चाकावर गोळा बरोबर मध्यावर आणणें हें पुस्तकांतून येत नाहीं. बर्नार्ड लीच यांचा १९४० सालचा प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ जवळ असला तरी हात धरून दाखविणारा माणूस लागतोच. विदर्भांत भद्रावती येथें कृष्णमूर्ति मिरमिरा यांनीं १९५५ सालीं ग्रामोदय संघ स्थापून कुंभारकामाचें शिक्षण देण्याचा उद्योग आरंभिला, तो याच जाणिवेनें.

वाळविण्यास सोलापूरची हवा फार कडक. वैशाखांतील वाऱ्यांत भांड्याची कड वाळते व बूड ओलें राहतें, म्हणजे तडा ठरलेला. भांडें सावलींत, ओलसर कापड झांकून, मधून मधून उलटें करीत वाळवावें. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस त्यास सर्वांत चांगले.

राहिली भट्टी. ती गच्चीवर किंवा चुलींत करण्याचें साहस कोणी करूं नये. पूर्ण न वाळलेल्या मडक्यांतील पाण्याची वाफ होऊन तें फुटतें व खापऱ्या दूर उडतात. शिवाय माती पुन्हां कधीं विरघळूं नये यासाठीं ती सहाशें अंशांच्या वर तापवून हळूहळू निववावी लागते. हें काम गांवच्या कुंभाराचें आहे. त्याच्या आव्यांत आपल्या वस्तूंस जागा मागावी, तिचे पैसे द्यावे, आणि तो आवा रचीत असतां जवळ बसून पाहावें. पितळ, ॲल्युमिनियम व आतां प्लॅस्टिक यांनीं त्याचीं गिऱ्हाइकें नेलीं. उन्हाळ्याचे माठ, संक्रांतीचीं सुगडीं व दिवाळीच्या पणत्या यांवर पुष्कळ घरें कशीबशी चालतात, व त्यांचीं मुलें दुसरा धंदा शोधतात. जळण किती, वाऱ्याची बाजू कोणती, कोणतें मडकें मध्यें ठेवावें, हें त्यानें कोठें लिहून ठेविलेलें नसतें. त्यास काका म्हणून विचारावें व वहींत उतरून घ्यावें.

आवा पुरता निवल्यावर भांडें बोटांवर तोलून वाजवून पाहावें. गोरोबांनीं संतांचीं डोकीं थापटण्यानें पारखिलीं ही कथा सर्वांस ठाऊक आहेच. खणखणीत वाजलें तर पक्कें. बद्द वाजलें तर तडा गेला आहे किंवा कच्चें राहिलें आहे. तडा गेलेल्याचा चुरा कुटून, चाळून, पुढच्या मातींत वाळूच्या ऐवजीं घालावा. कुंभारही असेंच करितात.