मालाची पारख आणि दिव्याची निवड

व्यापारी बंधूंनो, नजर कितीही तयार असली तरी ती उजेडाची ऋणी असते. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा आपला आचार पाहा. अंधुक उजेडात सूक्ष्म जीव दिसत नाहीत, हे त्यामागील एक कारण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जी सावधगिरी ताटासमोर, तीच मालासमोर हवी. पेढीवर नव्याने बसू लागलेल्या तरुणांसाठी हा छोटा पाठ आम्ही लिहीत आहोत.

आरंभ दारातील मोटारीपासून करू. सावलीत तिचा रंग निर्दोष भासतो. तीच भर उन्हात आणली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक ओरखड्यांची वर्तुळे उमटतात. वस्तुतः ओरखडे सर्व दिशांना पसरलेले असतात. प्रकाशाला आडवे येणारे तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. यास्तव पॉलिश करणारा कारागीर ओरखड्यांसाठी एकवटलेल्या झोताचा लहान दिवा वापरतो. पत्र्यातील पोचा शोधताना मात्र तो लांब नळीच्या दिव्याचे प्रतिबिंब पाहतो; प्रतिबिंबाची रेघ जेथे वाकते, तेथे पत्रा दबलेला असतो. तात्पर्य, एकच दिवा सर्व दोष दाखवीत नाही.

आता हा नियम आपल्या कापडाला लावू. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये याने बुऱ्हाणपूरच्या तलम कापडाची दूरदेशी होणारी निर्यात नोंदवून ठेवली. आज येथे यंत्रमाग चालतात. लोधीपुऱ्यातील एखाद्या पेढीवर कोरा तागा उलगडला, तर तो तीन प्रकारे पाहावा.

पहिला, वरून पडणारा पसरट उजेड. यात तेलाचे डाग व मळ दिसतात. दुसरा, बाजूने जमिनीलगत येणारा तिरपा उजेड. यात प्रत्येक गाठीची सावली पडते व उंचसखलपणा उघड होतो. तिसरा, कापडामागून येणारा उजेड. यात भोक, तुटलेला ताणा आणि बाण्यातील दाट-विरळ पट्टे स्पष्ट होतात. तपासणीच्या फळीवर सुमारे १००० लक्स उजेड असावा आणि फळी साधारण ४५ अंशांत कललेली असावी.

दिसलेला दोष मोजण्यासाठी चार गुणांची पद्धत सर्वत्र रूढ आहे. ३ इंचांपर्यंतच्या दोषास १ गुण, ६ इंचांपर्यंत २, ९ इंचांपर्यंत ३ आणि त्याहून लांब दोषास ४ गुण. मात्र एका वारात ४ हून अधिक गुण धरीत नाहीत. गुण जितके अधिक, तितका माल हलका.

रंगाची गोष्ट निराळी आहे. दोन छटा एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्याखाली फटकून वेगळ्या दिसतात. म्हणून जुने जाणते उत्तरेच्या खिडकीपाशी रंग पाहत. परंतु आपले गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. जूनमध्ये भर दुपारीही सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत खिडकीला पांढरा पडदा लावावा, अथवा ६५०० केल्विनचा दिवसासारखा प्रकाश देणारा, रंग यथार्थ दाखविणारा दिवा घ्यावा. खरेदीदाराशी कोणत्या दिव्याखाली रंग जुळवावयाचा, हे आधी ठरवून लिहून ठेवावे. पुढील तंटा टळतो.

येथवर दिव्याचे शास्त्र झाले. आता अधिक महत्त्वाचे. विणकराकडून तागा घेताना प्रखर झोत लावून एकेक गाठ मोजावयाची व मजुरीतून कपात करावयाची. आणि तोच तागा गिऱ्हाइकास दाखविताना मंद पिवळ्या दिव्याखाली पसरावयाचा! यास कोणी हुशारी म्हणेल. आमच्या मते ही दोन वजने ठेवण्यासारखीच गोष्ट होय. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ सांगितला आहे. घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे, असा त्याचा अर्थ. दिवा हेही एक मापच आहे. वजनकाट्यावर सरकारी शिक्का असतो, दिव्यावर नसतो. म्हणूनच येथे व्रताची कसोटी अधिक.

यास्तव आमची विनंती एवढीच की, पेढीवर दिवे हवे तितके असोत, पण घेताना जो लावला तोच देतानाही लावावा. दोष आढळला तर तो आपणच बोट ठेवून दाखवावा व भाव त्याप्रमाणे सांगावा. एका ताग्यावर चार पैसे कमी मिळतील. परंतु तागा परत येणार नाही आणि गिऱ्हाईक पुन्हा येईल.