‘ळ’साठी केलेली खटपट

मी मराठीची विद्यार्थिनी. तरीही हा लेख संगणकाच्या अवजारांवर आहे, याचे कारण माझी आजी. कल्याणजवळच्या गावात राहणारी आजी आगरी बोली बोलते. ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोला’ म्हणते. आम्हा नातवंडांना ती बोली नीट येत नाही. म्हणून तिचे शब्द मी वहीत उतरवले, शेजारी प्रमाण मराठी शब्द लिहिले आणि ही यादी मोबाइलवर पाहता येईल असे ॲप करण्याचा घाट घातला.

पहिल्याच दिवशी यादीत ‘केळे’ आधी आणि ‘केस’ नंतर आला. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत त्याची जागा ‘ह’नंतर, ‘क्ष’, ‘ज्ञ’च्या आधी. ठाण्याच्या आतेभावाने आपला क्रम लावणारा छोटा प्रोग्राम सी भाषेत पूर्वीच लिहिला होता. तो ॲपमध्ये घ्यायचा ठरला. थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरणाऱ्या अशा भागाला नेटिव्ह लायब्ररी म्हणतात. तो उतरवण्याचे काम एनडीके नावाचा अवजारांचा संच करतो, बांधणीची कृती सीमेक वाचतो, आणि या सर्वांना कामाला लावणारा मुकादम म्हणजे ग्रॅडल. या मंडळींचे आपसात जमले नाही की काम ठप्प!

माझे तसेच झाले. प्रथम ‘मागितलेली एनडीके नाही’ अशी तक्रार आली. माझ्याकडे एनडीके होती, पण बांधणीच्या फाइलीत लिहिलेला आवृत्तीक्रमांक वेगळा होता. तो आकड्याला आकडा जुळावा लागतो. मग मी एका जुन्या मार्गदर्शिकेप्रमाणे जीसीसी हा कंपायलर शोधत बसले. २०१८ साली आलेल्या अठराव्या आवृत्तीपासून एनडीकेत जीसीसी नाहीच, क्लँग आहे. तेव्हा मित्रहो, कृती वाचण्याआधी तिची तारीख वाचावी.

तिसरा अडथळा मला आजही बोचतो. तेच काम ठाण्याला आतेभावाच्या संगणकावर बिनतक्रार होई आणि डोंबिवलीत माझ्याकडे अडे. आम्ही फोनवरून एकेक गोष्ट ताडून पाहिली : जावाची आवृत्ती १७, दोघांकडे तीच, सीमेक तेच. फरक निघाला फोल्डरच्या नावात. मी ‘बोली’ असे देवनागरीत लिहिले होते! विंडोजवर मार्गात रोमनेतर अक्षरे असली तर बांधणी फसण्याचा संभव असतो, आणि तसा इशारा तक्रारींच्या अगदी वरच्या ओळीत लिहिलेलाही होता. मी मात्र रोज शेवटची ओळ वाचत होते, आणि तीत ‘बांधणी फसली’ एवढेच असते. मराठी शब्दांच्या कामाला मराठी नाव चालू नये, याचा राग आला. पण नाव रोमन केले आणि बांधणी पुरी झाली.

ॲप घेऊन आजीकडे गेले, तर तिच्या फोनने ते बसवून घ्यायलाच नकार दिला. फोन जुना, ३२ बिटांचा. वेळ वाचावा म्हणून मी लायब्ररी फक्त ६४ बिटांसाठी बांधली होती. कसारा गाडीत बसून बदलापूरला कसे पोचणार? एपीके ही फाइल झिपसारखी उघडता येते. आतल्या ‘लिब’ फोल्डरात प्रत्येक प्रोसेसर-प्रकाराचा वेगळा कप्पा दिसतो. आजीच्या फोनचा कप्पाच नव्हता. बांधणीच्या फाइलीत तो प्रकार वाढवला. (नव्या फोनांची मागणी आणखी निराळी. अँड्रॉइड १५ व पुढच्यासाठीच्या ॲपची लायब्ररी १६ केबीच्या मेमरी-पानांवर चालावी, असा प्ले स्टोअरचा नियम नोव्हेंबर २०२५ पासून आहे. अठ्ठाविसाव्या आवृत्तीपासून एनडीके ती सोय आपणहून करते.)

पुढच्या रविवारी ॲप आजीच्या फोनवर उघडले. ‘केस’ आधी, ‘केळे’ नंतर. तिने चष्मा लावून यादी खालीवर केली आणि दोन शब्द मी चुकीचे लिहिल्याचे सांगितले. ते तिच्यासमोरच दुरुस्त केले. या वेळी बांधणीला पाच मिनिटेही लागली नाहीत.