पृथ्वी फिरते, तरी पाखरू घरटे कसे गाठते?

पृथ्वी आपल्या आसाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, हे आपण प्राथमिक शाळेतच पाठ करतो. परीक्षेत तसे लिहिले की गुण मिळतात आणि विषय तेथेच संपतो. परंतु जे आपण पाठ केले, ते आपल्याला खरोखर पटले आहे काय? याची कसोटी पाहणारा एक जुना प्रश्न आहे. तो आपल्याच देशात सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी विचारला गेला आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास सतरावे शतक उजाडावे लागले.

इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने ‘आर्यभटीय’ हा ग्रंथ रचला. नावेतून पुढे जाणाऱ्या मनुष्याला स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तद्वत स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असा दृष्टान्त त्याने त्यात दिला आहे. तारे फिरत नसून पृथ्वी फिरते, असा त्याचा आशय. पुढे सहाव्या शतकात अवंतीच्या, म्हणजे आपल्या उज्जैनच्या परिसरातील वराहमिहिराने ‘पंचसिद्धान्तिका’ या ग्रंथात या मतावर आक्षेप घेतला. पृथ्वी फिरत असती, तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यांकडे परतू शकले नसते, असे तो म्हणतो. त्यानंतर लल्ल या ज्योतिषाने त्यात भर घातली की, वर सोडलेले बाण मग पश्चिमेस पडावयास हवेत आणि ढगही सदैव पश्चिमेकडेच जाताना दिसावयास हवेत.

विद्यार्थी मित्रहो, हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. थोडे गणित करून पाहा. विषुववृत्तावर पृथ्वीच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे ४६५ मीटर आहे. उज्जैनच्या अक्षांशावर तो सुमारे ४२८ मीटर भरतो. म्हणजे एखादे पाखरू फांदीवरून उडाले आणि एका मिनिटाने परत आले, तर त्या अवधीत त्याचे झाड पूर्वेकडे २५ किलोमीटरहून अधिक दूर गेलेले असते! तुम्ही अंगणात चेंडू वर फेकलात आणि तो एका सेकंदाने खाली आला, तर तेवढ्यात अंगण ४२८ मीटर सरकलेले असते. तरीही चेंडू तुमच्याच हातात पडतो. मग पृथ्वी फिरते हे खोटे, की आपल्या विचारात कोठे उणीव आहे?

उणीव आहे ती एका गृहीतकात. पाखराचा पाय फांदीवरून सुटताच, किंवा चेंडू हातातून सुटताच, त्याची पूर्वेकडील गती नाहीशी होते, असे आपण नकळत मानून चालतो. ही समजूत स्वाभाविक आहे. बैल थांबले की गाडी थांबते आणि पाय मारणे बंद केले की सायकल मंदावते, हे आपण नित्य पाहतो. त्यावरून गती टिकविण्यासाठी काहीतरी सतत ढकलत राहिले पाहिजे, असे मनाला वाटते. परंतु गाडी थांबते ती ढकलणारा नाही म्हणून नव्हे; जमिनीचे घर्षण आणि हवेचा विरोध तिला अडवितात म्हणून. गुळगुळीत फरशीवरून घरंगळत जाणारी गोटी मातीवरील गोटीपेक्षा किती दूर जाते, हे पाहिले की या म्हणण्याचा प्रत्यय येतो. कोणीच अडविले नाही, तर वस्तू आपली गती आपणहून सोडणार नाही. स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. पदार्थाच्या या गुणधर्माला जडत्व म्हणतात. वस्तूचे वस्तुमान जेवढे अधिक, तेवढे तिचे जडत्व अधिक. भरलेली हातगाडी हलविणे रिकामीपेक्षा कठीण आणि एकदा चालू लागली की थांबविणेही कठीण, ते याचमुळे.

गॅलिलिओने १६३२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात जहाजाच्या बंद खोलीचे उदाहरण दिले आहे. जहाज संथपणे, एकाच वेगाने चालले असेल, तर खोलीतील फुलपाखरे सर्व दिशांना सारखीच उडतात आणि वर टांगलेल्या भांड्यातील थेंब नेमके खालच्या भांड्यात पडतात. खोलीत बसून केलेल्या कोणत्याही प्रयोगाने जहाज चालले आहे की उभे आहे, हे सांगता येणार नाही. पुढे १६४० साली पिएर गासेंदी या फ्रेंच विद्वानाने मार्सेय बंदराजवळ चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड खाली सोडून पाहिले. ते मागे न पडता डोलकाठीच्या बुंध्याशीच पडले. न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात जडत्वाला गतीच्या पहिल्या नियमाचे स्थान दिले.

आता वराहमिहिराला उत्तर देता येईल. चेंडू हातातून सुटतो, तेव्हा अंगणाचा सेकंदाला ४२८ मीटर हा वेग त्याच्यापाशीही असतोच. तो हिरावून घेणारे कोणी नाही. म्हणून अंगण आणि चेंडू बरोबरीनेच पुढे जातात. पाखराचेही तसेच. शिवाय ज्या हवेत ते पंख मारते, ज्या हवेत ढग तरंगतात, ती हवाही पृथ्वीबरोबर फिरत असते. म्हणून घरटे मागे टाकून पुढे निघून जात नाही.

यातून दुसरी महत्त्वाची गोष्ट निघते. ताशी ६० किलोमीटर वेगाने सरळ चाललेल्या आगगाडीत बसून लिंबू सुमारे एक फूट वर फेका. अर्ध्या सेकंदात ते हातात परत येईल. तुम्ही म्हणाल, लिंबू सरळ वर गेले आणि सरळ खाली आले. परंतु फलाटावर उभा असलेला मनुष्य म्हणेल की, लिंबाने कमानीसारखा वक्र मार्ग आक्रमिला आणि ते सुमारे आठ मीटर पुढे जाऊन पडले. दोघांपैकी खरा कोण? दोघेही खरे. एकाने डब्याच्या संदर्भाने मोजले, दुसऱ्याने फलाटाच्या. ज्याच्या संदर्भाने आपण स्थान व गती मोजतो, त्याला संदर्भचौकट म्हणतात. चौकट न सांगता ‘वस्तू स्थिर आहे’ किंवा ‘वस्तू हलते’ असे म्हणणे अपुरे होय.

मात्र सर्व चौकटी सारख्या नसतात. बसचालकाने एकाएकी गतिरोधक दाबला की प्रवासी पुढे झुकतात. रस्त्यावरून पाहणारा म्हणेल, बस मंदावली आणि प्रवाशांचे शरीर जडत्वामुळे पूर्वीच्याच वेगाने पुढे गेले. बसमधील प्रवाशाला मात्र कोणीतरी पाठीमागून ढकलल्यासारखे वाटते, पण मागे वळून पाहावे तो ढकलणारा कोणीच नाही! असे ढकलणारा नसलेले बल मानावे लागले, की आपली चौकटच वेग किंवा दिशा बदलत आहे, असे समजावे. त्या बलास आभासी बल म्हणतात. ज्या चौकटीत ते मानावे लागत नाही, ती जडत्वीय चौकट.

मग पृथ्वीचे काय? ती गोल फिरते, म्हणजे तिच्यावरील प्रत्येक स्थळाची दिशा क्षणोक्षणी बदलते. अर्थात ती काटेकोर जडत्वीय चौकट नव्हे. परंतु दिवसात एकच फेरा होत असल्याने हा परिणाम फार सूक्ष्म असतो. विषुववृत्तावर तो गुरुत्वाच्या सुमारे २९० व्या भागाइतका भरतो. म्हणूनच तो चेंडू झेलताना जाणवत नाही. तरीही शोधणाऱ्यास तो सापडतो. मनोऱ्याचे टोक आसापासून अधिक दूर असल्याने पायथ्यापेक्षा किंचित अधिक वेगाने पूर्वेकडे जाते. त्यामुळे टोकावरून सोडलेला दगड पश्चिमेस नव्हे, तर किंचित पूर्वेस पडला पाहिजे, असे न्यूटनने १६७९ मध्ये हूक यांना लिहिलेल्या पत्रात सुचविले होते. उज्जैनच्या अक्षांशावर १०० मीटर उंचीवरून हे अंतर सुमारे दोन सेंटिमीटर येते.

१८५१ साली फूको या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पाँथेआँ या इमारतीत ६७ मीटर लांब तारेला २८ किलोग्रॅमचा गोळा टांगून पृथ्वीचे फिरणे लोकांना डोळ्यांनी दाखविले. लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत गेली. वस्तुतः लंबकाला बाजूस वळविणारे कोणीच नव्हते. खालची जमीनच वळत होती. असाच लंबक दिल्लीच्या नव्या संसद भवनात (२०२३) आहे. तेथे झोक्याची दिशा पूर्ण फेरा घेण्यास सुमारे ५० तास लागतात. उज्जैनला सुमारे ६१ तास लागतील.

घरी करण्याजोगा प्रयोग असा : स्टूल उलटे ठेवून समोरासमोरच्या दोन पायांना आडवी काठी बांधावी. काठीला दोऱ्याने कुलूप टांगून झोका द्यावा आणि मग स्टूल सावकाश फिरवावे. स्टूल फिरेल, परंतु कुलपाचा झोका खोलीच्या ज्या भिंतीकडे चालला होता, तिच्याकडेच चालत राहील.

वराहमिहिराचा निष्कर्ष चुकला, पण त्याचा प्रश्न चुकला नव्हता. पृथ्वी फिरते असे मुकाट्याने मान्य करणाऱ्यापेक्षा, ‘मग पाखरू परत कसे येते?’ असे विचारणारा जडत्वाच्या शोधाला अधिक जवळ असतो. म्हणून पुढील प्रश्नांची उत्तरे पुस्तकात न शोधता स्वतः विचार करून लिहावीत :

१. बस डावीकडे वळते, तेव्हा प्रवासी कोणत्या बाजूस झुकतात? रस्त्यावरील मनुष्य याचे कारण काय सांगेल?

२. सतरंजी झटकली असता धूळ का निघते?

३. एकाच वेगाने सरळ चाललेल्या गाडीच्या सर्व खिडक्या बंद आहेत. गाडी चालू आहे की उभी, हे आतून ओळखता येईल काय? येत असेल, तर नेमके कशावरून?