काचेपलीकडील पान : दृष्टिहीन अभ्यागतांसाठी ऐतिहासिक दस्तऐवजाचे वर्णन

संग्रहालयातील मूर्तीची प्रतिकृती घडवून ती दृष्टिहीन अभ्यागताच्या हाती देता येते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातील ‘अनुभव’ हे स्पर्शदालन याच विचारातून उभे राहिले. कमळाची पाकळी, वस्त्राची चुणी, मुद्रेतील बोटांची ठेवण हाताला कळते. जुन्या दस्तऐवजाचे मात्र तसे नाही. कागद सपाट, शाई त्यात मुरलेली आणि वर काच. काचेशी डोळसाचाही हात थांबतो आणि दृष्टिहीनाचाही. पण डोळसाची नजर काचेतून आत जाते. ती नजर जेथवर पोचते तेथवर दुसऱ्याला नेण्याचे मुख्य साधन म्हणजे शब्द. ते शब्द कसे योजावेत, याचा अभ्यास प्रस्तुत लेखात केला आहे.

हा केवळ सौजन्याचा विषय नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २९ मध्ये दिव्यांगांच्या सांस्कृतिक जीवनाचा विचार केलेला असून कला त्यांच्यासाठी सुगम करणे हा त्याचा एक भाग आहे. शिवाय ज्या दस्तऐवजाने सर्वांना समता देऊ केली, तोच काही नागरिकांना अज्ञात राहावा, ही विसंगती आपल्या मनाला बोचली पाहिजे. म्हणून उदाहरण म्हणून संविधानाची हस्तलिखित प्रतच घेऊ.

ही इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी. पाने सजवण्याचे काम शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आणि त्यांचे सहकारी व शिष्य यांनी केले. मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयात नायट्रोजन वायूने भरलेल्या हवाबंद काचपेटीत जतन केलेली आहे. देहरादूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागाने तिच्या एक हजार प्रतिकृती छापल्या. त्यांपैकी काही आजही देशातील ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. अशा प्रतिकृतीतील उद्देशिकेचे पान समोर आहे असे समजून वर्णनाच्या पायऱ्या पाहू.

पहिली पायरी वस्तूची ओळख. हे काय आहे, मूळ आहे की प्रतिकृती, कशावर लिहिले आहे, आकार किती, हे आधी सांगावे. आकार केवळ आकड्यांत सांगून भागत नाही. सुमारे २२ इंच उंच व १६ इंच रुंद, म्हणजे वर्तमानपत्राच्या एका पानाएवढे उंच, पण त्याहून थोडे अधिक रुंद, असे म्हटले की ऐकणाऱ्याचे हात आपोआप तेवढे फाकतात.

दुसरी पायरी मांडणी. वर्णनाची दिशा एकदा ठरवली की ती मोडू नये. बाहेरून आत, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, असा क्रम राखला तर ऐकणाऱ्याच्या मनात पान उलगडत जाते.

तिसरी पायरी मजकूर. येथे सर्वाधिक दक्षता हवी. पानावर जे लिहिले आहे तेच वाचावे; आज पाठ असलेले वाचू नये. ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ आणि ‘एकात्मता’ हे शब्द १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आले. १९४९ सालच्या मजकुरात ते नाहीत. वर्णनकाराने सवयीने ते वाचले, तर डोळस अभ्यागत एक दस्तऐवज पाहील आणि दृष्टिहीन अभ्यागत दुसराच ऐकेल. मूळ पान जसेच्या तसे वाचून दाखवावे आणि नंतरच्या बदलाची माहिती वेगळी द्यावी.

चौथी पायरी हस्ताक्षर व खुणा, आणि पाचवी अर्थ. ‘सुंदर’, ‘भव्य’, ‘महत्त्वपूर्ण’ ही विशेषणे वर्णनकाराचे मत सांगतात, वस्तू दाखवत नाहीत. अक्षर सुंदर आहे असे म्हणण्यापेक्षा ते टाकाने लिहिलेले, एकसारख्या उंचीचे आणि सरळ ओळीतले आहे असे सांगावे. सुंदर की नाही, हे ऐकणाऱ्याला ठरवू द्यावे. रंगही गाळू नयेत. अनेकांची दृष्टी उतारवयात गेलेली असते, त्यांना रंग आठवतात. जन्मतः दृष्टी नसलेल्यांनाही रंगांचे सामाजिक अर्थ ठाऊक असतात.

या पायऱ्यांनुसार केलेल्या वर्णनाचा आरंभ असा होऊ शकेल :

‘आपल्यासमोर संविधानाच्या हस्तलिखित प्रतीतील उद्देशिकेच्या पानाची छापील प्रतिकृती आहे. पान उभे आहे. चारही कडांना नक्षीची चौकट असून मजकूर तिच्या आत आहे. भाषा इंग्रजी, अक्षर टाकाने लिहिलेले. सगळा मजकूर म्हणजे एकच दीर्घ वाक्य आहे. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या अर्थाचे चार शब्द मोठ्या लिपीत उठून दिसतात. चौकटीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात देवनागरीत ‘राम’ अशी लहान सही आहे. ती हे पान सजवणारे चित्रकार ब्योहार राममनोहर सिन्हा यांची.’

एवढे ऐकण्यास अर्धे-पाऊण मिनिट पुरते. ज्याला अधिक हवे त्याच्यासाठी सविस्तर वर्णन आणि संपूर्ण मजकूर ध्वनिमुद्रणात व ब्रेलमध्ये स्वतंत्रपणे ठेवावा. किती ऐकायचे, हे अभ्यागताने ठरवावे.

काही गोष्टी मजकुरात नसतात, मांडणीतच असतात. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी या प्रतीवर सह्या केल्या. बहुतेक सह्या इंग्रजीत, काही देवनागरीत, काही उर्दूत आहेत. सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांची सही मजकूर आणि पंडित नेहरूंची सही यांच्यामधील अरुंद जागेत तिरकी बसवलेली दिसते. केवळ नावांची यादी वाचली तर ही तिरकी रेघ हरवते आणि तिच्याबरोबर त्या दिवसाची लगबगही. तसेच राजमुद्रेचे. सारनाथच्या अशोकस्तंभशीर्षावर सिंह चार आहेत. चित्रात तीनच दिसतात, चौथा मागे झाकलेला असतो. ‘तीन सिंह’ एवढेच सांगणे अपुरे आणि ‘चार सिंह दिसतात’ असे सांगणे चुकीचे. जे दिसत नाही तेही दिसत नाही म्हणून सांगावे लागते. याच प्रतीत बुद्धांच्या जीवनातील प्रसंगाचे आणि सम्राट अशोकाच्या धम्मप्रसाराचे चित्र आहे, हेही वर्णनात आले पाहिजे.

अल्पदृष्टी असलेल्यांची अडचण निराळी. कागद व शाई टिकावी म्हणून दस्तऐवजांवर सुमारे ५० लक्स इतकाच मंद प्रकाश ठेवण्याची संग्रहालयांची रीत आहे. जतनासाठी ती योग्य. पण मंद प्रकाश आणि काचेवरील चकाकी यांमुळे अंधुक दिसणाऱ्याला काहीच वाचता येत नाही. उपाय सोपा आहे. पेटीशेजारी, भरपूर प्रकाशात, मोठ्या ठळक अक्षरांतील काळ्या-पांढऱ्या ठाशीव छपाईची प्रत ठेवावी आणि ती हातात घेऊन डोळ्यांजवळ नेता येईल अशी असावी.

वर्णन तयार झाले की ते दृष्टिहीन व्यक्तींना ऐकवून तपासून घ्यावे, आणि त्यांच्या या श्रमाचा मोबदला द्यावा. डोळे मिटून बसलेला डोळस परीक्षक पुरेसा नाही. त्याने पान पूर्वी पाहिलेले असते.

उद्देशिका आपल्या अनेक घरांत, शाळांत आणि विहारांत भिंतीवर लावलेली असते. वाचकांनी, विशेषतः माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी, हा स्वाध्याय करून पाहावा : त्या चौकटीसमोर उभे राहून दहा वाक्यांत तिचे वर्णन लिहावे, त्यातील प्रत्येक विशेषण खोडून त्याजागी वस्तुस्थिती लिहावी आणि मग ते एखाद्या दृष्टिहीन परिचिताला वाचून दाखवावे. तो जे प्रश्न विचारील त्यांतून आपण काय पाहायचे राहिलो, ते कळेल. त्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी पुन्हा चौकटीसमोर जाऊन उभे राहावे, म्हणजे अकरावे वाक्य सापडेल.