मंदीच्या दिवसांत गोव्याची फेरी

पर्यटक डिसेंबरात गोव्याला जातो. तयार कपडे आणि चादरी विकणाऱ्या व्यापाऱ्याने जुलै-ऑगस्टमध्ये जावे. जून ते सप्टेंबर तिथे धो धो पाऊस असतो. किनाऱ्यावरचे शॅक मेअखेर उतरवले जातात, 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. मग जायचे कशाला?

हंगामात दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. पावसाळ्यात तो निवांत भेटतो. काय खपले, काय पडून राहिले ते मोकळेपणाने सांगतो. ऑक्टोबरपासूनच्या हंगामाची ऑर्डर तेव्हाच हाती येते. लॉजचे भाडेही कमी असते.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा :

1) किनाऱ्यावरची बरीच दुकाने बंद असतात, आधी फोन करा. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मात्र पावसातही भरतो.

2) कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते. नमुने प्लॅस्टिकमध्ये न्या. दमट हवेत सुती कापडाला बुरशी धरते.

3) वसुलीसाठी जाऊ नका. तेव्हा गल्ला रिकामा असतो. तगादा लावाल तर गिऱ्हाईक गमवाल. उधारीची मुदत हंगामातली ठरवा आणि लिहून घ्या.